कृमीच्या अंगातले शिसे

जर्मनीतले कार्ल्सरूह हे शहर मी पाहिलेले नाही. तरी ज्या गावांची नावे मी आदराने घेतो त्यांत ते फार वर आहे, आणि त्याला कारण आहेत माशांच्या आतड्यातले कृमी. योजेफ गॉटलीब क्योलरॉयटर हा निसर्गशास्त्रज्ञ याच शहरात राजोद्यानाची व्यवस्था पाहत असे आणि १८०६ साली इथेच वारला. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे नाव तंबाखूच्या संकराच्या प्रयोगांसाठी येते. पण १७७१ साली त्याने माशाच्या आतड्यात राहणाऱ्या एका काटेरी डोक्याच्या कृमीला अकँथोसेफॅलस असे नाव दिले, आणि ते आजतागायत टिकून आहे. पुढे सव्वादोनशे वर्षांनी याच शहराच्या विद्यापीठात बेर्न्ड झुरेस नावाचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ आणि हॉर्स्ट ताराशेव्स्की हे त्याचे ज्येष्ठ सहकारी त्याच जातकुळीच्या कृमींच्या अंगात शिसे किती आहे ते मोजू लागले. या दोन टोकांमध्ये जे घडले ते मराठी वाचकाला सांगावे असे फार दिवस मनात आहे. आमच्या धंद्याकडे लोक ज्या नजरेने बघतात त्याचे उत्तर त्यात आहे.

मी प्राणिशास्त्राचा मास्तर. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी नोकरी झाली आणि संशोधन केले ते माशांच्या कृमींवर. आमच्याकडे या विषयाला मोठी परंपरा आहे. औरंगाबादला १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि तिथल्या प्राणिशास्त्र विभागात जी. बी. शिंदे सरांनी कृमिशास्त्राची जी घडी बसवली तिच्यातून आमच्या पिढ्या तयार झाल्या. १९६८ साली सरांनी मरळ जातीच्या माशातल्या पट्टकृमीवरून सर्कमऑन्कोबॉथ्रियम ही नवी प्रजाती मांडली. त्यानंतर गोदावरीच्या, मांजरेच्या, तळ्याधरणांच्या माशांतून आमच्या लोकांनी किती जाती नोंदवल्या असतील! सातू यामागुती या जपानी पंडिताचे 'सिस्टेमा हेल्मिंथम'चे जाडजूड खंड आमच्या टेबलावर कायम उघडे असत. कृमी हाती लागला की त्याच्या आकड्या मोजायच्या, वृषणे मोजायची, आणि कोणत्या खणात बसतो ते यामागुतीत पाहायचे.

कामाची रीत ठरलेली होती. नाथसागरावरच्या भोयांकडून पहाटे वाम, मरळ, शिंगी आणायची. पोट उघडताना कात्रीचे टोक वर धरायचे, म्हणजे आतडे चिरले जात नाही. आतडे सबंध काढून मिठाच्या पातळ पाण्यात सोडायचे आणि लांबीभर उभे उघडायचे. वामीच्या आतड्यात पांढरे, चपटे पट्टकृमी सुटे तरंगताना दिसत. मरळीत मात्र कधीकधी असे कृमी मिळत की चिमट्याने ओढले तर तुटतील पण सुटणार नाहीत. त्यांचे डोकेच आतड्याच्या भिंतीत घुसलेले असे. आम्ही त्यांना प्रयोगशाळेत नुसते 'अकँथो' म्हणायचो. चार टक्के फॉर्मॅलिनमध्ये टिकवायचे, हॅरिसच्या हिमॅटॉक्सिलिनने रंगवायचे, अल्कोहोलच्या पायऱ्या चढवून, झायलीनमध्ये पारदर्शक करून, काचपट्टीवर बसवायचे, आणि कॅमेरा ल्युसिडाखाली चित्र काढायचे. भोई विचारत, 'सर, हे किडे कशाला?' उन्हाळ्यात पाणी उतरले की वामीत कृमी वाढतात हे त्यांना आमच्याआधी ठाऊक होते. पण या किड्यांचे नाव-गाव लिहून काय साधते, या प्रश्नाला आमच्याकडे परीक्षेत लिहिण्यापलीकडे उत्तर नव्हते. हा प्रश्न भोयांचाच होता असेही नाही. विद्यापीठाच्या समित्यांमध्येही तो ऐकू येई, आणि तिथे त्याला धार असे.

आता मूळ गोष्टीकडे. या कृमींची ओळख पटेल अशी पहिली नोंद फ्रांचेस्को रेदीची. फ्लॉरेन्सच्या दरबारातला हा वैद्य, मांस उघडे ठेवल्यावर त्यातले किडे माश्यांच्या अंड्यांतून येतात हे दाखवणारा म्हणून आपण त्याला शाळेत भेटतो. १६८४ साली त्याने जिवंत प्राण्यांच्या आत राहणाऱ्या जिवंत प्राण्यांवर एक ग्रंथ छापला आणि त्यात ईल माशाच्या आतड्यातले, आकड्यांची सोंड असलेले पांढरे कृमी वर्णिले. क्योलरॉयटरचे नामकरण झाल्यावर पाच वर्षांनी, १७७६ साली, डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ म्यूलर याच्या ग्रंथात पुढे पॉम्फोऱ्हिंकस लेव्हिस म्हणून ओळखला गेलेला कृमी दाखल झाला. रुडॉल्फीने १८०९च्या सुमारास या सगळ्यांचा वेगळा गणच केला. यांपैकी कुणाच्या मनात नदीच्या प्रदूषणाचा विचार येण्याचे कारणच नव्हते. माणसे कुतूहलाने आतडी उघडत होती, दिसेल ते काढत होती, नावे देत होती. पुढच्या लोकांना जे हवे होते ते नेमके तेवढेच: कोणता कृमी कोणता, आणि तो कोणत्या माशात मिळतो.

पॉम्फोऱ्हिंकस लेव्हिस जवळून पाहण्यासारखा आहे. लांबीला एखाद-दोन सेंटिमीटर, रंगाने बहुधा नारिंगी. पुढे आकड्यांनी भरलेली सोंड, गोखरूसारखी, लागली की सुटत नाही. सोंडेच्या मागे लांब मान, आणि मानेवर एक फुगीर गोळा. कृमी सोंड आतड्याच्या भिंतीतून आरपार घालतो आणि हा गोळा भिंतीत अडकून बसतो, म्हणून मोठ्या माशाच्या आतड्याला बाहेरूनही गाठी हाताला लागतात. आणि मुख्य गोष्ट, ज्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे: याला तोंड नाही, घसा नाही, आतडे नाही. माशाच्या आतड्यात जे काही पचून तयार होते ते हा अंगभर शोषून घेतो. मासा जेवतो आणि हा त्या जेवणात बुडून राहतो.

त्याचे बालपण गॅमॅरस नावाच्या कोळंबीच्या नात्यातल्या, बोटाच्या पेराएवढ्या जिवाच्या पोटात जाते. पूर्ण वाढलेली अळी गॅमॅरसच्या पातळ कवचातून नारिंगी ठिपक्यासारखी बाहेर दिसते. असा ठिपका असलेला गॅमॅरस उजेडाला बिचकेनासा होतो आणि माशाच्या तोंडी सहज पडतो. मासा म्हणजे चब, रोहूच्या गणगोतातला, युरोपच्या नद्यांत सगळीकडे मिळणारा.

विसाव्या शतकात नद्यांचे काय झाले हे सांगायला जर्मनीतल्या ऱ्हूरइतकी चांगली नदी नाही. कोळसा आणि पोलाद यांचा हा मुलूख. खाणींमुळे जमीन खचत असल्याने जमिनीखाली गटारे घालता येईनात, म्हणून शेजारची एम्शर नदी शब्दशः उघडे गटार म्हणून बांधून काढली आणि ऱ्हूर पिण्याच्या पाण्यासाठी राखली. १९१३ साली ऱ्हूर स्वच्छ ठेवण्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि ते काम पाहणारी संस्थाही स्थापन झाली. सांडपाणी शुद्धीकरणातला मोठा अभियंता कार्ल इमहॉफ याचे आयुष्य याच दोन नद्यांच्या सांडपाण्यात गेले. एम्शर पुन्हा नदी व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. तेव्हा १९९०च्या सुमाराची ऱ्हूर ही काही मेलेली नदी नव्हती. जुनी, सांभाळलेली, पण शंभर वर्षांचे धातू गाळात दडवून बसलेली नदी होती. अशा नदीचे पाणी बाटलीत घेऊन तपासले तर शिसे अगदी थोडे निघते. ते त्या दिवशीचे, त्या तासाचे, त्या धारेचे पाणी असते. गाळ तपासला तर भरपूर निघते, पण गाळातले किती शिसे जिवांच्या अंगात शिरते ते गाळ सांगत नाही.

मासा तपासावा तर तोही पुरेसे सांगत नाही, कारण त्याचे शरीर धातू बाहेर टाकायला सतत झटत असते आणि स्नायूत फारच थोडे उरू देते. समुद्रासाठी यावर उपाय सापडला होता. अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली किनाऱ्याकिनाऱ्याने शिंपल्यांवर पहारा ठेवण्याची कल्पना मांडली: शिंपला जागचा हलत नाही, पाणी गाळत राहतो, आणि जे येईल ते साठवतो. नद्यांसाठी झेब्रा शिंपला वापरला जाऊ लागला. कृमींकडे मात्र तोवर उलट बाजूने पाहिले जात असे. वेल्समधल्या कार्डिफला डेव्हिड पॅस्को आणि त्यांचे सहकारी १९७७ साली स्टिकलबॅक या इवल्या माशाला कॅडमियम देऊन पाहत होते. पट्टकृमीची अळी पोटात असलेले मासे लवकर मरतात, असे त्यांना दिसले. म्हणजे कृमी हा माशावरचा आणखी एक बोजा, एवढाच अर्थ तेव्हा लागला. बोज्याच्या पलीकडे कृमी स्वतः काय साठवतो, हे मोजायची सोयही सहज नव्हती. एक कृमी काही मिलिग्रॅमचा. ऑस्ट्रेलियातल्या ॲलन वॉल्शने १९५५ साली अणुशोषणाची पद्धत दिली, पुढे ज्योतीऐवजी ग्रॅफाइटची भट्टी आली, आणि मग कुठे इतक्या चिमूटभर मांसातले शिसे भरवशाने मोजता येऊ लागले.

तर झुरेस, ताराशेव्स्की आणि रसायनशास्त्रज्ञ याक्वेर्थ या तिघांनी ऱ्हूरमधले चब घेतले, त्यांचे स्नायू, यकृत, आतडे आणि आतड्यातले पॉम्फोऱ्हिंकस वेगवेगळे काढले. आम्हाला या कामातली अडचण चटकन कळते. ज्या कात्रीने मासा कापता तीही धातूचीच. म्हणून हत्यारे आधी ईडीटीएच्या द्रावणात आणि दुहेरी ऊर्ध्वपातित पाण्यात धुवायची, फॉर्मॅलिनचा थेंब लागू द्यायचा नाही, सगळे गोठवून ठेवायचे, मग नायट्रिक आम्लात विरघळवायचे. निकाल १९९४ साली छापून आला. कृमीत माशाच्या स्नायूंपेक्षा २,७०० पट शिसे होते, आणि ज्या पाण्यात मासा पोहत होता त्यापेक्षा ११,००० पट. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला, आणि मग वर्गात फळ्यावर लिहिला. विद्यार्थ्यांना वाटले, मी शून्ये जास्त दिली.

असे का व्हावे? याचे उत्तर मिळायला आणखी काही वर्षे लागली आणि मला ते मूळ शोधापेक्षाही सुंदर वाटते. रॉय सिडल हे झुरेस यांच्या बरोबर आले. त्यांनी टाकीतल्या चबना आधी कृमींची लागण केली आणि मग पाण्यात शिसे सोडले, एका लिटरला मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. शिसे कल्ल्यांतून रक्तात जाते, तांबड्या पेशींना चिकटून यकृतात पोचते. यकृत ते पित्तात टाकते, पित्तातल्या क्षारांशी बांधून, आणि पित्त आतड्यात उतरते. निरोगी माशात यातला काही भाग आतड्याच्या भिंतीतून पुन्हा रक्तात शिरतो आणि फेरा चालू राहतो. कृमीला स्वतःचे कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले तयार करता येत नाहीत. तो आतड्यातल्या पित्ताचे क्षार अधाशासारखा शोषतो, आणि त्यांच्या गळ्यात बांधलेले शिसेही त्याच्या अंगात येते. चारेक आठवड्यांत कृमीतले शिसे एका पातळीला येऊन स्थिरावते. लागण झालेल्या माशांच्या आतड्याच्या भिंतीत शिसे कमी भरले, हेही १९९९च्या त्यांच्या लेखात आहे. फेऱ्यातले शिसे मध्येच कृमी उचलून घेत होता. यावरून 'कृमी माशाला वाचवतो' असे कुणी म्हणू लागले तर मी थांबवतो. आतड्याच्या भिंतीला भोके पाडणारा पाहुणा आहे तो. पण माशाच्या यकृताने बाहेर टाकलेले विष कुठे जाऊन थांबते ते पाहायचे असेल तर त्याच्याकडेच पाहावे लागते.

अळीची अवस्था या कामाची नाही, हेही तेव्हाच सिद्ध झाले. पर्च माशातला अकँथोसेफॅलस ल्यूसी लहानपणी असेलस या पाण्यातल्या किड्यात असतो, आणि तिथे अळीत धातू त्या किड्यापेक्षाही कमी असतात. कृमी माशाच्या आतड्यात आल्यावरच साठवू लागतो. पित्ताचा मामला असल्याचा हा आणखी एक पुरावा.

ईलची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात एका नदीचा सबंध इतिहास आहे. वेरा आणि वेझर या नद्यांत पोटॅशच्या खाणींचे मीठ इतके सोडले गेले की तिथले मूळचे गॅमॅरस मरून गेले. माशांना खायला काही उरावे म्हणून १९५७ साली मीठ सोसणारा अमेरिकन गॅमॅरस टायग्रिनस मुद्दाम आणून सोडला. तो पसरत ऱ्हाइनपर्यंत गेला आणि त्याच्याबरोबर त्याच्या पोटातला अमेरिकन कृमीही गेला, पॅराटेन्युइसेंटिस ॲम्बिग्युअस. तो युरोपच्या ईलमध्ये स्थिरावला. दुसरीकडे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व आशियातून अँगिलिकोला क्रॅसस हा गोलकृमी युरोपात आला आणि ईलच्या वाताशयात राहून रक्त पिऊ लागला. याच दशकात, १ नोव्हेंबर १९८६ला, बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशके ऱ्हाइनमध्ये गेली, पाणी तांबडे झाले, आणि शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मरून तरंगले. त्या आगीनंतर ऱ्हाइनकाठच्या देशांनी मिळून नदी सुधारण्याचा कार्यक्रम आखला. अशा नदीच्या ईलमध्ये कार्ल्सरूहच्या मंडळींनी दोन्ही परके कृमी शेजारी-शेजारी तपासले. आतड्यातल्या अमेरिकन काटेरी कृमीत ईलच्या ऊतींपेक्षा कितीतरी जास्त शिसे. वाताशयातल्या रक्तपित्या आशियाई कृमीत तसे काहीच साठलेले नाही. एकच मासा, एकच पाणी, आणि राहण्याची जागा वेगळी म्हणून साक्ष वेगळी. कोणता कृमी कोणत्या अवयवात राहतो, हे आमच्या काचपट्ट्यांच्या चिठ्ठ्यांवर पहिल्या ओळीत लिहिलेले असायचे. भोयांच्या प्रश्नाला देता आले असते असे उत्तर त्या ओळीत होते.

मग कामाला वेग आला. ऑस्ट्रियातल्या मोंडझे तळ्यात पर्चमधला अकँथोसेफॅलस आणि झेब्रा शिंपला शेजारी तोलून पाहिले, १९९७ साली. शिसे आणि कॅडमियम यांच्या बाबतीत कृमी शिंपल्याच्या पुढे निघाला. बोलिव्हियात ला पाझच्या कत्तलखान्यातल्या डुकरांचे कृमी तपासले गेले, अंटार्क्टिकाच्या किंग जॉर्ज बेटाजवळच्या माशांचेही. दक्षिण आफ्रिकेत व्हाल धरणातल्या यलोफिशमधला आशियाई पट्टकृमी ॲनमारी अव्हेनांट-ओल्डेवाखे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कामाला लावला. डॅन्यूब तर या विषयाची दुसरी शाळाच झाली. तिथला मासा बार्बल, आपल्या महसीरच्या नात्यातला. व्हिएन्नाच्या बाजूला, बुडापेस्टला, खाली बल्गेरियात त्याच्यातले पॉम्फोऱ्हिंकस काढून नदीचे वेगवेगळे पट्टे ताडून पाहिले गेले.

बुडापेस्टच्या बार्बलमधून जे निघाले त्याचा आपल्या रस्त्यांशी संबंध आहे. शिसेमिश्रित पेट्रोल बंद करण्याचे एक कारण असे की मोटारीच्या धुरातले विष कमी करणारा उत्प्रेरक शिशाने निकामी होतो. आपल्याकडे १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना असे उत्प्रेरक आणि बिनशिशाचे पेट्रोल आले, आणि २००० साली देशभर शिसे बंद झाले. ते फार चांगले झाले. पण उत्प्रेरकाच्या आत प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम असते. ते कणाकणाने झिजते, रस्त्याच्या धुळीत बसते आणि पावसाबरोबर नदीत जाते. प्रमाण इतके सूक्ष्म की माशाच्या मांसात ते जेमतेम दिसते किंवा दिसतही नाही. २००५ साली छापलेल्या अभ्यासात डॅन्यूबच्या बार्बलमधल्या कृमींत हे तिन्ही धातू मोजता आले. त्याआधी २००१ साली झुरेस यांनीच रस्त्याची धूळ मिसळलेल्या पाण्यात ईल ठेवून पॅलॅडियम अंगात शिरते हे दाखवले होते. रस्त्यावरची एक चूक सुधारताना नदीत दुसरा धातू कधी शिरला, याची नोंद कृमीच्या अंगात होत होती.

आता या साक्षीदाराच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण आपल्याकडे 'कृमी सापडले म्हणजे पाणी घाण' असे धरून चालणारे शोधनिबंध मी बरेच तपासले आहेत. किती कृमी आहेत हा एक प्रश्न आणि कृमीच्या अंगात काय आहे हा पूर्ण वेगळा. ज्या कृमीला जगायला आधी किडा, मग लहान मासा, मग मोठा मासा लागतो, त्याची संख्या घाण वाढली की कमीही होते, कारण साखळीतला एक जीव जरी मेला तरी कृमी संपतो. पीटर हडसन, अँडी डॉब्सन आणि केविन लॅफर्टी यांनी २००६ साली असा प्रश्न मांडला की परजीवींनी समृद्ध असणे हेच निरोगी परिसंस्थेचे लक्षण तर नव्हे? मला हा प्रश्न रास्त वाटतो. अंगातल्या धातूचे म्हणाल तर तिथेही जपावे लागते. कृमीचे वय कळत नाही. सगळ्या माशांत कृमी मिळत नाहीत. आणि मासा मारल्याशिवाय काही कळत नाही, त्यामुळे दुर्मीळ माशावर हा प्रयोग मी कुणाला करू देणार नाही. बाजारात रोज विकला जाणारा मासाच या कामाला योग्य.

ईलच्या त्या अमेरिकन कृमीचे पुढे काय झाले तेही यात धरायला हवे. १९९२ साली माइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा कालवा खुला झाला. त्यातून पूर्वेकडचा आक्रमक डिकेरोगॅमॅरस ऱ्हाइनमध्ये उतरला आणि त्याने टायग्रिनसला मागे सारले. टायग्रिनस गेला तसा पॅराटेन्युइसेंटिसही ऱ्हाइनच्या ईलमधून ओसरला. ज्याच्यावर मोजमाप बसवले तो कृमीच नदीतून निघून गेला. म्हणून नदीत आज कोण आहे आणि कोण नाही याची यादी दर पिढीने नव्याने करावी लागते. ते काम आमच्यासारख्या आकड्या मोजणाऱ्यांचे. रसायनशास्त्रज्ञाचे यंत्र कितीही महाग असो, नळीत घातलेला कृमी कोणता हे त्याला कुणीतरी सांगावे लागते.

आपल्याकडे हे काम करायचे तर कोणावर करावे, याचा मी बराच विचार केला आहे, आणि माझे बोट एका नावावर थांबते. १९३१ साली भालेराव यांनी मरळ जातीच्या माशातला एक काटेरी कृमी वर्णिला आणि त्याला नागपूरचे नाव दिले: पॅलिसेंटिस नागपुरेन्सिस. तो पॅराटेन्युइसेंटिसच्याच वर्गातला, इओअकँथोसेफॅला. त्याचे बालपण सायक्लॉप्समध्ये जाते, ज्या सायक्लॉप्सने पूर्वी आपल्या पायविहिरींतून गावेच्या गावे नारूने आजारी पाडली. तिथून लहान माशात, आणि लहान माशातून मरळीत. मरळ पिंजऱ्यात, तळ्यात, नदीत सगळीकडे आहे, बाजारात तिला भाव आहे, आणि घाण पाणी ती सोसते. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयात उतरते. कन्हानच्या वरच्या अंगाची मरळ आणि गोसीखुर्दची मरळ, एवढी तुलना पुरे आहे.

नागपूरकडचा कुणी तरुण प्राध्यापक हे वाचत असेल तर त्याला चार गोष्टी सांगतो. मासा भोयाकडून जिवंत घ्या, बर्फात आणू नका. मासा मेला की कृमी मेलेल्या आतड्यात मरतात, सैल पडतात आणि ओळखणे कठीण होते. स्नायू, यकृत, आतड्याची भिंत आणि कृमी या चार गोष्टी चार वेगळ्या, आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत टाका आणि तिथल्या तिथे गोठवा. एका माशातले सगळे कृमी धातूसाठी वापरू नका. दोन-तीन नेहमीप्रमाणे रंगवून काचपट्टीवर बसवा, आकड्या मोजा, चित्र काढा, आणि ती पट्टी विभागाच्या कपाटात तारीख, नदी आणि अवयव लिहून ठेवा. नळीतला कृमी आम्लात विरघळून जाणार आहे, आणि पुढे कुणी आकड्यावर शंका घेतली तर दाखवायला ती पट्टीच उरेल.